अब्बांचे पसंदे आणि एक हातोडी

मागच्या बकरीदच्या दुपारी आमच्या घरी अठरा माणसं दस्तरखानवर होती. भिंतीकडच्या नेहमीच्या जागेवर अब्बा, म्हणजे माझे सासरे, बसले होते. त्यांनी शोरब्यात रोटी भिजवून खाल्ली, थोडा भात घेतला आणि "बस बेटा, पोट भरलं" म्हणून हात धुवायला उठले. संध्याकाळी दस्तरखान झाडताना त्यांच्या उशीमागे कागदी रुमालाची एक पुडी सापडली. आत चार बोट्या होत्या. चावून चावून पांढऱ्या पडलेल्या, धागे सुटलेल्या, पण गिळता न आलेल्या.

गेले सहा-सात महिने अब्बा सांगत होते की वयोमानाप्रमाणे गोश्तावरून मन उडालंय. आम्हीही त्यावर विश्वास ठेवला होता. काहींनी तर त्याचं कौतुकही केलं. खरी गोष्ट एवढीच होती की नवी कवळी बसवल्यापासून त्यांना बोटी चावता येत नव्हती आणि ते चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटत होती. मी वीस वर्षं या घरात स्वयंपाक करते आहे आणि हे मला एका पुडीवरून कळलं.

पहिला उपाय मी तोच केला जो आपण सगळ्या करतो. कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या. चारच्या सात केल्या, सातच्या दहा. रानेचं गोश्त हाडावरून सुटलं खरं, पण तोंडात गेल्यावर सुतळीसारखं. कवळीखाली धागे अडकायचे आणि अब्बा उठून बेसिनपाशी जायचे. दुसरा उपाय आमच्या कसाईभाईंनी सुचवला: "भाभी, खिमा नेत जा की." तोही करून पाहिला. आठ दिवस खिमा, खिम्याचे कबाब, खिमा मटर. नवव्या दिवशी अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, खिमा चांगला होता. पण रोज खिमा म्हणजे दात गेल्याची पावतीच की."

मग मी ठरवलं की बोटी बोटीच राहील आणि अब्बांना चावताही येईल, असं काहीतरी शोधायचं.

बाजारात गेले आणि दुकानदाराला "मीट टेंडरायझर" आहे का म्हणून विचारलं. त्याने एक छोटं खोकं हातात ठेवलं. घरी येऊन उघडलं तर आत पांढरी पूड. ही गंमत तुमच्याही बाबतीत होऊ शकते म्हणून सांगते. या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक पूड, जिच्यात बहुधा पपईतून काढलेलं पपेन नावाचं विकर असतं आणि सोबत भरपूर मीठ. दुसरं हातात धरायचं अवजार. पुडीबद्दल एक-दोन बहिणींनी मला विचारलं होतं की त्यात काही हराम तर नसेल ना. पपेन पपईचं, ब्रोमेलेन अननसाचं, दोन्ही वनस्पतींतूनच येतात. तरी खोक्यावरची घटकांची यादी वाचून घ्यावी, कारण काहींत आणखी बरंच काही मिसळलेलं असतं. मला मात्र पूड नको होती. कच्च्या पपईची फोड मंडईत मिळते आणि तिच्यात मीठ नसतं. अब्बांना रक्तदाब आहे.

अवजाराकडे येण्याआधी गोश्त चिवट का होतं ते थोडं समजून घेऊ. मी भाषेची शिक्षिका, म्हणून हे मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत डबा खाता खाता विचारलं. त्यांनी डब्यातल्याच बोटीवर समजावलं. गोश्त म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीभोवती एक पातळ पांढरट आवरण असतं, त्याचा मुख्य भाग म्हणजे कोलॅजन. जनावराचं वय वाढतं तसं हे कोलॅजन पक्कं होत जातं. जो भाग जास्त राबतो, म्हणजे पाय, मान, खांदा, त्यात ते जास्त. ओलसर उष्णतेत खूप वेळ ठेवलं की कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. आपल्या पायांचा शोरबा थंड झाल्यावर थिजतो, तो त्यामुळेच. पण तंतूंचं तसं नाही. ते जितके तापतात तितके आकसतात आणि पाणी सोडतात. म्हणून रानेचं कमी चरबीचं गोश्त दहा शिट्ट्यांनंतर हाडावरून सुटतं आणि तरी कोरडं लागतं. आवरण विरघळलं, दोरे तसेच राहिले. माझ्या सुतळीचं कोडं तिथे सुटलं.

तंतू तोंडात लांब राहू नयेत, हा खरा मुद्दा. त्यासाठी पहिलं अवजार सुरीच. गोश्तावरच्या रेषा बघायच्या आणि त्यांच्या आडवं कापायचं. रेषांच्या बाजूने कापलेली बोटी कितीही शिजवा, दोरे लांबच राहणार. कसाईभाई घाईत असतील तर बिनहाडाचा एक सबंध तुकडा मागून घ्यावा आणि घरी स्वतः कापावा. हे मी आधी कधीच केलं नव्हतं.

हातात धरायची अवजारं मुख्यतः दोन प्रकारची. एक हातोडी, दुसरं पात्यांचं.

हातोडीचं डोकं चौकोनी असतं, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला पिरॅमिडसारखे टोकदार दाते. सपाट बाजू कोंबडीच्या छातीच्या तुकड्यासाठी, पसंद्यांसाठी. दात्यांची बाजू जाड, चिवट गोश्तासाठी. मी आधी एक स्वस्त ॲल्युमिनियमची आणली. दोन आठवड्यांत लिंबू-दह्याच्या संपर्काने तिचा रंग काळपट झाला आणि पुसलेल्या फडक्यावर काळी रेघ यायला लागली. शिवाय डोकं दांड्यात नुसतं खोचलेलं होतं. एका दुपारी तेच निसटून ओट्यावरच्या बरणीवर आदळलं. बरणी लोणच्याची होती, पुढचं सांगत नाही. लाकडी हातोडी दिसायला छान, पण कच्च्या गोश्ताचं पाणी लाकडाच्या भेगांत मुरतं आणि पाण्यात भिजत ठेवली तर भेगा वाढतात. मी तरी घेणार नाही. दुसऱ्या वेळी स्टीलची, डोकं आणि दांडा एकसंध असलेली घेतली. हातात धरून बघितली. फार हलकी असेल तर आपल्याला जोर लावावा लागतो आणि मनगट दुखतं, फार जड असेल तर गोश्ताची चाळण होते. उचलून सोडल्यावर ती स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे, आपण फक्त दिशा द्यायची.

आणि खरं सांगायचं तर हातोडी विकत घ्यायलाच हवी असं नाही. माझी अम्मी पाट्यावर गोश्त ठेवून बत्त्याने पसंदे ठोकायची. माझी नानी सुरीच्या पाठीने. पसंदा हा प्रकारच मुळी ठोकलेल्या गोश्ताचा आहे. ज्यांच्याकडे जड बूड असलेला बत्ता आहे आणि ज्यांना महिन्यातून एकदाच लागणार आहे, त्यांनी तो स्वच्छ धुऊन वापरावा. पैसे वाचतील.

ठोकण्याची रीत अशी. फळीखाली ओलं फडकं घालावं, नाहीतर फळी सरकते. गोश्त फळीवर ठेवून त्यावर दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन पसरावी. शिंतोडे उडत नाहीत. कच्च्या गोश्ताचे शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीवर उडणं ही साधी गोष्ट नाही. मग मधोमध सुरुवात करून कडांकडे जावं. दोन सेंटिमीटरचा तुकडा एकाच्या आसपास आला की थांबावं. ज्या तुकड्यात हाड आहे त्याला हातोडी लावूच नये. हाडाची बारीक कपची सुटते आणि ती शिजल्यावर डोळ्याला दिसत नाही. कवळी घातलेल्या माणसाला तर ती तोंडातही कळत नाही, घशातच कळते. गोश्त गोठलेलं असतानाही ठोकू नये, ते फाटतं. आणि हो, फ्लॅटमध्ये राहत असाल तर वेळ बघा. मी फजरनंतर पसंदे ठोकायला घेतले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी घाबरून वर आल्या की भिंत पाडताय का.

दुसरा प्रकार पात्यांचा. मुठीत धरायचा एक दांडा, त्याखाली अगदी बारीक धारदार पात्यांच्या रांगा. कुणात १६ पाती, कुणात ४८. वरून दाबलं की पाती खाली येऊन गोश्तात शिरतात, सोडलं की स्प्रिंगने परत आत जातात. आवाज अजिबात नाही. हातोडीने तंतू चेपले जातात, याने ते कापले जातात. आतली पांढरी शीरही तुटते, जी हातोडीने कधीच तुटत नाही. आमच्याकडे मोठ्याचं गोश्त येतं तेव्हा मला याचा फरक जास्त जाणवला. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या गोश्तावरही बंदी आहे, त्यामुळे मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच, आणि तेही बऱ्याचदा वय झालेल्या जनावराचं. त्याला हातोडी पुरत नाही. सरळ वरून दाबायचं, फिरवायचं नाही. एकदा उभ्या ओळीत, मग तुकडा वळवून आडव्या ओळीत. उलटं करून पुन्हा करायची गरज पातळ तुकड्याला नसते.

घेताना एकच गोष्ट नक्की बघा: त्याची पाती बाहेर काढून धुता येतात का. येत नसतील तर दुकानातच ठेवून या, कितीही स्वस्त असो. पात्यांच्या मधल्या फटीत गोश्ताचे कण आणि रक्त राहतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच आपण नव्या गोश्तात खोचतो. वापरल्यावर लगेच, सुकायच्या आत, गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवावं, बोटाने कधीही नाही. पूर्ण कोरडं करून, कुलूपकडी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर.

आता जे सांगते ते या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि अवजारांच्या डब्यावर ते छापलेलं मला दिसलं नाही. सबंध तुकड्याच्या आत सहसा जंतू नसतात, ते असतात वरच्या पृष्ठभागावर. कापताना, हाताळताना लागलेले. तवा किंवा निखारा वरचा भाग चांगला तापवतो, म्हणून ते मरतात. पण पाती गोश्तात शिरली की वरचे जंतू आत ढकलले जातात. मग वरून खरपूस आणि आतून गुलाबी असा तुकडा धोक्याचा होतो. पात्यांनी टोचलेल्या गोमांसावर तशी सूचना छापणं कॅनडाने २०१४ पासून आणि अमेरिकेने २०१६ पासून बंधनकारक केलं, ते याच कारणाने. आपली बहुतेक सालनं, कोर्मे इतके शिजतात की प्रश्न येत नाही. प्रश्न येतो बकरीदच्या रात्री गच्चीवर, मुलं सिगडी पेटवतात तेव्हा. अर्धवट भाजलेले, टोचलेले, चार तास बाहेर मुरत पडलेले तुकडे. माझा नियम साधा आहे: पात्यांनी टोचलेलं गोश्त खिम्यासारखं समजायचं. मुरवणं फ्रिजमध्ये, आणि आतून गुलाबी भाग अजिबात न राहील असं शिजवणं. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी मधोमध ७१ अंश सेल्सिअस बघावं. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर यात सूट नाही. ज्यांच्यासाठी हे अवजार आणायचं, त्यांनाच त्याचा त्रास झाला तर काय उपयोग.

पपईबद्दल माझी फजितीही सांगून टाकते. हातोडीही लावली, पपईही लावली, वर रात्रभर ठेवलं. सकाळी हाताला आलं ते गोश्त नव्हतं, लगदा होता. पपेन थंडीत हळू काम करतं, पण थांबत नाही. भांडं तापायला लागलं की ते जोरात काम करतं आणि उकळीच्या जवळ जाऊन निकामी होतं. म्हणून ठोकलेल्या गोश्ताला एक किलोमागे सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचा एक चमचा आणि अर्धा-पाऊण तास बस. पिकलेल्या पपईत तो जोर नसतो. दही मुरतं छान, पण त्याचा असर वरवरचाच.

बकरीदच्या गोश्ताचं आणखी एक कोडं या निमित्ताने उलगडलं. कुर्बानीच्या दिवशी दुपारी शिजवलेलं गोश्त नेहमीपेक्षा चिवट का लागतं? जबह झाल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि थंडीत साधारण एका दिवसाने गोश्तातल्याच विकरांमुळे पुन्हा सैल पडतात. कलेजी पहिल्या तासात शिजवली तरी मऊ, कारण ती स्नायू नाही. आपल्या मोठ्यांनी पहिल्या दिवशी कलेजी आणि दुसऱ्या दिवशी गोश्त ही जी रीत ठेवली, ती किती बरोबर होती! आणि आपण काय करतो? कोमट गोश्ताच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या थेट फ्रीझरमध्ये कोंबतो. आखडायच्या आतच गोठलेलं गोश्त वितळताना आकसतं आणि जास्तच चिवट होतं. शिवाय मोठ्या पिशवीचा मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो. त्यापेक्षा पसरट ताटांत पातळ थर करून एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, झाकून, आणि मग छोट्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये. जागा होत नाही हे मला माहीत आहे. म्हणून वाटणी त्याच दिवशी संपवून टाकायची.

अब्बांचे पसंदे मी असे करते. रानेचा बिनहाडाचा अर्धा किलोचा तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवते, गोठायला नव्हे, घट्ट व्हायला. मग रेषांच्या आडवे बोटभर रुंद काप. सपाट बाजूने ठोकून घ्यायचे. पपई लहान अर्धा चमचा, आलं-लसूण, तळून कुस्करलेला कांदा, भाजलेली खसखस, भाजलेल्या डाळ्याचं पीठ, दही, गरम मसाला, तिखट बेताचं. पाऊण तास फ्रिजमध्ये. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर झाकून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये दोनदा पाण्याचा हबका. मीठ शेवटी, कारण अब्बांना कमी लागतं आणि बाकीच्यांना जास्त. झाले की नाही ते बघायला मी चमचा घेते, दात नाही. पसंदा भांड्याच्या कडेला चमच्याच्या पाठीने दाबला की तुटला पाहिजे. ताटात वाढताना नखाएवढे तुकडे करते, पण स्वयंपाकघरातच. दस्तरखानवर सगळ्यांसमोर नाही.

पहिल्यांदा वाढले तेव्हा अब्बांनी एक तुकडा घेतला, मग दुसरा. चौथ्यानंतर त्यांनी नातवाच्या ताटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझे पण असेच आहेत का?" त्याने हो म्हटलं. मग त्यांनी पाचवा घेतला.

यंदा बकरीदला वाटणीच्या पिशव्या भरताना मी गल्लीच्या टोकाच्या खालांचा हिस्सा बाजूला काढला. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. इतकी वर्षं आम्ही त्यांना हाडासकट अर्धा किलो पाठवत आलो आणि त्याचं त्या काय करत असतील हे मी कधी विचारलं नव्हतं. या वेळी त्यांच्या वाटणीचे पसंदे ठोकून, शिजवून पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, रिवाजाप्रमाणे रिकामा नव्हे, त्यात चार खजूर. सोबत निरोप: गोश्त बरं होतं, पुढच्या वेळी तिखट वाढव, जीभ अजून जागेवर आहे.